रेडिएशन अर्ध्यावर सोडू नका
स्तनाच्या कॅन्सरवर रेडिएशन बहुधा तीन ते पाच आठवडे, आठवड्यातून पाच दिवस घ्यावे लागते. मशीनखाली काही मिनिटेच झोपायचे असते. त्या वेळी दुखत नाही. पुढे मात्र त्वचा काळवंडते, खाज सुटते, थकवा येतो. घाबरून काहीजणी उपचार सोडतात आणि आजार उलटण्याचा धोका वाढतो.

वस्तीत हे उपचार पूर्ण केलेली ताई असेल, तर तिने नव्या रुग्णासोबत एक-दोनदा जावे. सांगावे: अंगावरच्या खुणा पुसू नकोस, हळद-तेल लावू नकोस, सैल सुती कपडे घाल, त्वचा सोलली किंवा ताप आला तर लगेच डॉक्टरांना दाखव.

घरच्यांनाही समजवावे: कॅन्सर स्पर्शाने पसरत नाही, या मशीनचे किरण अंगात राहत नाहीत. तिचे ताट-पेला वेगळे करू नका. लेकरांना तिच्याजवळ जाऊ द्या.