मातृभाषा कोणती? – एक पाठ

वाचकहो, मातृभाषा हा शब्द आपण नित्य उच्चारतों, परंतु "तुमची मातृभाषा कोणती?" असें कोणीं विचारिलें, तर उत्तर देणें वाटतें तितकें सोपें नाहीं. मुंबईंतील गिरगांव, दादर, परळ व लालबाग हे भाग डोळ्यांपुढें ठेवून या प्रश्नाचा विचार करूं.

१. एक नगर, अनेक बोली. कावसजी दावर यांनीं १८५४ सालीं मुंबईंत कापसाची पहिली गिरणी स्थापिली. पुढें परळ-लालबाग भागांत गिरण्या वाढल्या, आणि रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर या बाजूंचीं माणसें कामास आलीं. तेलंगणांतून पद्मशाली विणकर आले, उत्तरेकडूनहि पुष्कळ आले. १९२१ च्या गणनेंत नगरांतील दर शंभरांपैकीं सुमारें ८४ माणसें नगराबाहेर जन्मलेलीं आढळलीं. गिरगांवांत मराठी चाळींच्या शेजारीं गुजराती कुटुंबें राहिलीं, व धोबीतलावाकडे गोमंतकीयांनीं आपापल्या गांवाच्या नांवानें कूड चालविले. दादरच्या पारशी वसाहतींत गुजराती बोलूं लागली. १९८२ च्या संपानंतर बहुतेक गिरण्या बंद पडल्या. बोली मात्र माणसांबरोबर राहिल्या.

२. बोली म्हणजे बिघडलेली भाषा नव्हे. लालबागच्या चाळींतील मूल घरीं "माका" म्हणतें व शाळेंत "मला" लिहितें. पुस्तकी मराठींत मला, तुला, त्याला. मालवणींत माका, तुका, तेका. नीट पाहिलें असतां दोहोंकडे नियम आहे. प्रत्यय तेवढा निराळा. मोल्सवर्थ यांनीं १८३१ सालीं छापलेल्या आपल्या मराठी कोशांत कोंकणांतील शब्दांसहि स्थान दिलें. १९८० सालीं रंगभूमीवर आलेल्या गंगाराम गवाणकरांच्या "वस्त्रहरण" नाटकानें तर हीच मालवणी हजारों प्रयोगांतून सर्व महाराष्ट्रास ऐकविली. असें असतां वर्गांत "माका" शब्दास हंशा झाला, तर मूल दुसऱ्या दिवशीं उत्तर येत असूनहि हात वर करीत नाहीं. शास्ते या पुस्तकांत एका शब्दाच्या उच्चारावरून एफ्राईमी लोकांस ओळखून यार्देनेच्या उतारांवर ठार केल्याची कथा आहे. जिभेवरून माणसाची परीक्षा करण्याची खोड किती जुनी व किती घातक आहे, हें तींत दिसतें.

३. गणनेची रीत. जनगणनेच्या व्याख्येप्रमाणें आई आपल्याशीं बालपणीं जी भाषा बोलली ती मातृभाषा; आई तान्हेपणींच वारली असल्यास बालपणीं घरांत मुख्यतः बोलली जाणारी भाषा ती मातृभाषा. एका घरांतील सर्वांची मातृभाषा एकच असली पाहिजे, असा नियम नाहीं. २०११ सालीं लोकांनीं सांगितलेलीं नांवें १९,५६९ भरलीं. तीं तपासून १,३६९ मातृभाषा ठरल्या. त्यांतील दहा हजार अगर अधिक भाषकांच्या २७० मातृभाषा १२१ भाषांखालीं मांडल्या. त्यांत मराठी भाषकांची संख्या ८ कोटी ३० लक्षांहून अधिक आहे.

ही मांडणी विद्वानांसहि एकमतानें करितां आलेली नाहीं. ग्रिअर्सन यांनीं १९०५ च्या खंडांत कोंकणीला मराठीची बोली म्हटलें. १९९२ सालीं तीच स्वतंत्र भाषा म्हणून राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टांत आली. मालवणी गणनेंत कोंकणीखालीं मोजली जाते, आणि अहिराणी खानदेशीखालीं. म्हणून एका शब्दाच्या उत्तरानें माणूस कोणत्या राशींत पडेल, हें ठरतें.

४. आपलें कर्तव्य. पुढील गणनेची संदर्भतारीख १ मार्च २०२७ असल्याचें सरकारनें १६ जून २०२५ रोजीं जाहीर केलें. प्रगणक विचारील तेव्हां शेजाऱ्याचें पाहून, अगर कोणी शिकविलें म्हणून उत्तर देऊं नये. आजीचें, सुनेचें, मुलाचें उत्तर वेगळें असेल तर तें वेगळेंच सांगावें. मातृभाषेखेरीज येणाऱ्या आणखी दोन भाषा लिहिण्याची सोय मागील गणनांत होती. यास्तव एकीचें नांव घेतल्यानें दुसरीचा त्याग होत नाहीं. १९५६ सालीं घटनेंत घातलेलें ३५०-अ हें कलम भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांस प्राथमिक शिक्षण मातृभाषेंतून मिळण्याची सोय करावी, असें सांगतें. मुंबई महापालिकेनें आठ भाषांतून शाळा चालविल्या आहेत. परंतु मुलें तेथें धाडणें व घरीं आपली बोली बोलणें हें कोणत्याहि कलमानें होणार नाहीं. तें आईबापांकडेच राहतें. राज्याची मराठी मुलानें उत्तम शिकावी, आणि आजीशीं बोलतांना तिची बोलीहि त्याला यावी. दोन्ही एका जिभेवर सुखानें नांदतात.

विचारासाठीं प्रश्न: (१) तुमच्या घरांत किती बोली बोलतात? (२) आईचे कोणते शब्द तुमच्या मुलांस समजत नाहींत? (३) तुमच्या शाळेंत कोणाच्या बोलीस हंसतात काय? तें कसें थांबवाल?