अल्पमुदतीचा आरोग्यविमा : वैद्य व औषधविक्रेत्यांसाठी काही विचार

विम्याविषयीची शंका रुग्ण अनेकदा आपल्या चिकित्सालयातच विचारतात. म्हणून या विषयाचे किमान ज्ञान आपणा सर्वांस असणे इष्ट आहे. उदाहरणादाखल आपण ‘करोना कवच’ या पॉलिसीचा विचार करू. विमा नियामक प्राधिकरणाच्या निर्देशांनुसार ती जुलै २०२० मध्ये उपलब्ध झाली. तिचे स्वरूप असे होते :

१) मुदत : साडेतीन, साडेसहा किंवा साडेनऊ महिने, हप्ता एकरकमी.
२) विमारक्कम : ५० हजार ते ५ लाख रुपये.
३) प्रतीक्षाकाल : पहिले १५ दिवस.
४) व्याप्ती : कोविडवरील रुग्णालयीन उपचार, तसेच दाखल होण्यापूर्वीच्या १५ व घरी परतल्यानंतरच्या ३० दिवसांचा खर्च.
५) आयुर्वेदीय आंतररुग्ण चिकित्सा : विमारकमेच्या मर्यादेपर्यंत मान्य.

साडेतीन महिन्यांतून १५ दिवस वजा केल्यास प्रत्यक्ष संरक्षण तीन महिन्यांचेच उरते, आणि तेही एकाच व्याधीसाठी. हप्ता कमी असण्याचे कारण येथेच आहे.

अशा पॉलिसीच्या भरवशावर वार्षिक पॉलिसी बंद करणे मात्र हानिकारक ठरते. मधुमेह, आमवात यांसारख्या पूर्वव्याधींचा प्रतीक्षाकाल वार्षिक पॉलिसीच्या अखंड नूतनीकरणानेच पूर्ण होतो. २०२४ च्या नियमांनुसार तो जास्तीत जास्त ३ वर्षांचा आहे. पॉलिसी खंडित झाल्यास ही गणना पुन्हा आरंभापासून करावी लागते. अल्पमुदतीचा विमा ही जोड होय, पर्याय नव्हे, हे रुग्णास स्पष्ट सांगावे.

आता आपल्या उत्तरदायित्वाविषयी. आयुर्वेदीय चिकित्सेस इतर चिकित्सांच्या बरोबरीने स्थान द्यावे, असे प्राधिकरणाने विमा कंपन्यांस १ एप्रिल २०२४ पासून बजावले आहे. तथापि विम्याच्या व्याख्येनुसार खासगी आयुर्वेदीय रुग्णालयाची स्थानिक नोंदणी, किमान ५ खाटा, अहोरात्र उपलब्ध असलेला नोंदणीकृत वैद्य, आवश्यक उपचारकक्ष आणि रुग्णांच्या दैनंदिन नोंदी अपेक्षित आहेत. पंचकर्म उत्तम झाले, परंतु रुग्णपत्रावर निदान, दाखल दिनांक व प्रतिदिनीचे उपक्रम नसतील, तर दावा अडतो आणि भुर्दंड रुग्णास पडतो.

औषधविक्रेत्यांनीही चिठ्ठीनुसार रुग्णाचे नाव, दिनांक, औषधाचे नाव व मात्रा लिहून पक्के बिल द्यावे. ‘काढा व चूर्ण’ एवढाच उल्लेख पुरेसा नाही.

सारांश, पॉलिसी घेण्यापूर्वी मुदत, प्रतीक्षाकाल, व्याप्ती व रुग्णालयाची व्याख्या या चार गोष्टी रुग्णास वाचावयास सांगाव्यात. आपली नोंद चोख असेल, तरच त्याचा हप्ता सार्थकी लागेल.