खिडकीतून आकाशदर्शन



मागच्या अंकात आपण नातेवाइकांची नावे शिकलो. या अंकाचा पाठ आकाशाविषयी आहे, आणि वयस्क माणसांविषयीही आहे. तो आमच्या मोठ्या गटाने मिळून लिहिला आहे. बाईंनी शुद्धलेखन तपासले आहे. तरीही चुका राहिल्या असतील तर त्या आमच्या.

१. सुरुवात

आमच्या वर्गातल्या एका मुलाची आजी ग्लासगोच्या दक्षिण भागात एका केअर होममध्ये राहते. मूळची वाईकडची. 'वृद्धाश्रम' हा शब्द आजींना आवडत नाही. त्या नुसते 'होम' म्हणतात, म्हणून आम्हीही तसेच लिहितो. डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी आम्ही त्यांना भेटायला गेलो. पावणेचारला सूर्य मावळला. पाचला तिथले जेवण झाले आणि साडेपाचला बाहेर काळोख होता. आजी खिडकीपाशी बसून म्हणाल्या, "आमच्याकडं पावसाळा संपत आला की पहाटे अगस्तीचा तारा दिसायचा. इथं पन्नास वर्षांत एकदाही दिसला नाही. का रे?"

आम्हाला उत्तर येत नव्हते. घरी जाऊन शोधले, तेव्हा हा पाठ सुरू झाला.

२. ध्रुव आणि मूठ

हात समोर ताठ धरून मूठ वळली, तर त्या मुठीची रुंदी आकाशात सुमारे दहा अंश भरते. लहान मुलाची मूठ लहान आणि हातही आखूड, त्यामुळे माप सगळ्यांचे जवळपास सारखेच येते. क्षितिजापासून ध्रुवताऱ्यापर्यंत एकावर एक मुठी ठेवत जा. ग्लासगोत साडेपाच मुठी भरतात, म्हणजे सुमारे ५६ अंश. हाच ग्लासगोचा अक्षांश. वाई १८ अंशांवर आहे, म्हणून तिथे ध्रुव दोन मुठींपेक्षाही खाली, घराच्या कौलांवर टेकल्यासारखा दिसतो.

ध्रुव जितका वर चढतो तितके दक्षिणेचे आकाश खाली जाते. अगस्ती खूप दक्षिणेचा तारा आहे. वाईत तो जास्तीत जास्त १९ अंश वर येतो, जवळजवळ ध्रुवाइतकाच, फक्त दक्षिण दिशेला. सुमारे ३७ अंश उत्तरेच्या पलीकडे तो उगवतच नाही. मृगाच्या मागून येणारा व्याध पुण्याला ५५ अंश उंच जातो. इथे तो १७ अंशांवरूनच परततो, म्हणून समोरच्या इमारतीमागे हरवतो. मात्र सप्तर्षी इथे कधीच मावळत नाहीत. बारा महिने, रात्री केव्हाही उत्तरेला पाहा, ते असतातच.

हे आजींना सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे अगस्ती सुटला आणि सप्तर्षी कायमचे मिळाले. बरा सौदा आहे."

ध्रुव पाहण्यात एक अडचण आली. ५६ अंश वर बघताना आजींची मान दुखते. आमच्यातल्या एकीने खिडकीच्या कट्ट्यावर आरसा सपाट ठेवला. आजींनी मान खाली घातली आणि ध्रुव आरशात पाहिला. साध्या आरशात काचेच्या वरच्या बाजूचे एक फिकट प्रतिबिंबही दिसते. तो दुसरा तारा नव्हे.

३. वेळ आणि जागा

आम्हाला वाटले होते की ताऱ्यांसाठी मध्यरात्री जागावे लागते, गच्चीवर जावे लागते आणि थंडीत उभे राहावे लागते. वयस्क माणसांना हे तिन्ही जमत नाही. पण ग्लासगोचा हिवाळा इथे उपयोगी पडतो. डिसेंबरात साडेपाच ते सात या वेळेत पश्चिमेला अभिजित, माथ्यावर शर्मिष्ठा, पूर्वेला कृत्तिका आणि त्याखाली लालसर रोहिणी, एवढे सहज पाहून होते. मग गोळ्या घेऊन नेहमीच्या वेळी झोपता येते.

खिडकीच्या आतून पाहणे हा कमीपणा नाही. इंग्लंडमध्ये पीटरबरोजवळ जॉर्ज अल्कॉक (१९१२–२०००) नावाचे शाळामास्तर राहत. हौसेने आकाश पाहताना त्यांनी पाच धूमकेतू शोधले. पाचवा ३ मे १९८३ रोजी सापडला. तेव्हा ते सत्तर वर्षांचे होते आणि घरात गुडघ्यावर बसून, बंद खिडकीच्या काचेतून द्विनेत्रीने पाहत होते. तो धूमकेतू त्याच महिन्यात पृथ्वीपासून सुमारे ४७ लाख किलोमीटरवरून गेला. इतक्या जवळून धूमकेतू गेल्याला तेव्हा दोनशेहून अधिक वर्षे झाली होती. पुढे १९९१ साली, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी घरातूनच एक नवतारा शोधला.

ही गोष्ट ऐकल्यावर आजींनी खुर्ची खिडकीच्या आणखी जवळ घ्यायला लावली.

आम्ही शिकलो ते असे : खोलीतला दिवा बंद करावा, पण त्याआधी खुर्चीचा ब्रेक लावावा. दाराशी जाण्याच्या वाटेवर काही ठेवू नये. अंधारात कोणी उठू नये. गुडघ्यांवर शाल घ्यावी. होमच्या बाईंना आधी सांगून ठेवावे, नाहीतर त्या काळजीने आत येऊन दिवा लावतात आणि डोळ्यांना पुन्हा सुरुवातीपासून अंधाराची सवय करावी लागते.

४. वयस्क डोळे

अंधारात डोळ्याची बाहुली मोठी होते. तरुणपणी ती सात मिलिमीटरपर्यंत उघडते, म्हातारपणी बहुधा पाचपर्यंतच. द्विनेत्रीवर दोन आकडे छापलेले असतात. दुसऱ्याला पहिल्याने भागले की डोळ्यात येणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी मिळते. ७×५० मध्ये ती सात मिलिमीटर आहे, म्हणजे आजींच्या डोळ्यात त्यातला बराच प्रकाश जाणारच नाही. ८×४० मध्ये ती पाच येते, आणि ही द्विनेत्री वजनालाही हलकी असते. तेव्हा आजीआजोबांसाठी मोठी आणि महाग वस्तू घेण्याची घाई करू नये. हात थरथरत असतील तर कोपर टेबलावर टेकवावेत, खाली उशी घ्यावी.

वयाबरोबर डोळ्याचे भिंग पिवळट होते. आजींच्या उजव्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले आहे, डाव्याचे नाही. अभिजित त्यांना उजव्याने निळसर आणि डाव्याने पिवळट दिसला. एकाच माणसाला एकच तारा दोन रंगांचा! आम्हाला हे करून पाहता येत नाही.

५. अरुंधती

त्याच डिसेंबरात एका संध्याकाळी आम्ही सप्तर्षी पाहत होतो. शेपटीतला मधला तारा वसिष्ठ, आणि त्याला चिकटून मंद अरुंधती. लग्नात नवरानवरीला ती दाखवतात. आजींनाही त्यांच्या लग्नात दाखवली होती आणि तेव्हा दिसली होती. या वेळी त्या बराच वेळ पाहत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "पुरे आता."

पुढच्या शनिवारी त्या खिडकीपाशी बसायला तयार नव्हत्या. कारण विचारले तर सांगेनात. शेवटी आमच्या बाईंनी आम्हाला समजावले. ज्याला अरुंधती दिसत नाही त्याचे आयुष्य सहा महिने उरले, अशी जुनी समजूत आहे. आजींनी ती लहानपणी ऐकली होती.

"असं काही नसतं" असे म्हणून आम्हाला त्यांना गप्प करायचे नव्हते. म्हणून आम्ही मोजून पाहायचे ठरवले. त्याच खिडकीतून आम्ही नऊ जणांनी एकेकट्याने वसिष्ठाकडे पाहिले आणि काय दिसले ते कोणाला न दाखवता कागदावर काढले. आमचे वय बारा ते सतरा. चौघांच्या कागदावर एकच तारा होता. त्यातल्या दोघांना चष्मा आहे, दोघांना नाही. कारण उघड आहे. अरुंधती वसिष्ठाच्या साधारण एकपंचमांशच प्रकाशाची आहे, आणि खिडकीसमोर रस्त्याचा दिवा आहे.

आजींनी कागद एकेक करून पाहिले. मग म्हणाल्या, "म्हणजे अर्धा वर्ग चालला की माझ्याबरोबर!" आणि हसल्या. त्यानंतर द्विनेत्री मागून घेतली. कोपर टेकवून, उजव्या डोळ्याने त्यांना दोन तारे स्वच्छ दिसले. नुसत्या डोळ्याने मात्र नाही दिसले. "असल्यासारखं वाटतं," एवढेच त्या म्हणाल्या. आम्ही वहीत तसेच लिहिले. जे दिसले नाही ते दिसले असे लिहायचे नाही, हा निरीक्षणाचा पहिला नियम आहे.

६. सहा महिन्यांनंतर

डिसेंबरपासूनचे सहा महिने जूनमध्ये संपले. साधारण मेच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत ग्लासगोत पुरता काळोख होत नाही, कारण मध्यरात्रीही सूर्य क्षितिजाच्या फार खाली जात नाही. आम्ही वही बंद करून ठेवली होती. पण आजींना रात्री झोप येत नाही. जूनच्या शेवटी त्यांनी नातवाला सांगितले, की मध्यरात्री उत्तरेला खाली चांदीच्या तारांसारखे ढग चमकत होते. ते निशादीप्त ढग. ते जमिनीपासून ८० किलोमीटरहून उंच असतात, म्हणून आपल्याकडे रात्र झाली तरी त्यांच्यावर ऊन पडते. असे ढग वाईत दिसत नाहीत. आमच्यापैकी कोणीही ते पाहिलेले नाहीत. वहीतली ती नोंद फक्त आजींची आहे.

नवे शब्द

द्विनेत्री : दोन्ही डोळ्यांनी पाहायची दुर्बीण
अक्षांश : विषुववृत्तापासूनचे उत्तर-दक्षिण अंतर, अंशांत
नवतारा : अचानक तेजस्वी झालेला तारा
निशादीप्त : रात्री उजळलेले
सौदा : देण्याघेण्याचा व्यवहार
एकेकट्याने : प्रत्येकाने वेगळे, दुसऱ्याच्या मदतीशिवाय

स्वाध्याय

१. आपल्या घरातून ध्रुवापर्यंत किती मुठी भरतात? भारतात गेल्यावर पुन्हा मोजा आणि दोन्ही आकडे लिहा.
२. अगस्ती ग्लासगोत का दिसत नाही? तीन वाक्यांत उत्तर लिहा.
३. १०×५० द्विनेत्रीतून येणारा प्रकाशझोत किती रुंद असेल? ती आजींना चालेल का? वजनाचाही विचार करा.
४. वसिष्ठाजवळ किती तारे दिसतात ते कोणाला न विचारता कागदावर काढा आणि वर्गात आणा.
५. आपल्या आजीला किंवा आजोबांना, ते दूर असतील तर फोनवर, विचारा : "तुमच्या गावाहून कोणता तारा दिसायचा?" त्यांचे उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहा. ते व्याकरणासाठी सुधारू नका.

पाचव्या प्रश्नाची उत्तरे आजी स्वतः वाचणार आहेत. तेव्हा अक्षर मोठे काढा, आणि काळ्या शाईनेच लिहा.