घर मालकाचं, सामान तुझं

चि. सई,


'भाड्याच्या घराचा विमा मी कशाला काढू, सोसायटीचा आहेच की,' असं तू लिहिलंस. सोसायटीचा विमा इमारतीचा असतो. घरमालकाने वेगळा काढला असेलच, तर तो त्याच्या फ्लॅटचा, फार तर त्याने दिलेल्या फर्निचरचा. तुझा लॅपटॉप, तुझी गादी, फ्रिज, कपाटभर कपडे या दोन्हींत कुठेच बसत नाहीत.

त्यातून तू पुण्यात सिंहगड रोडला, तेही तळमजल्यावर. २५ जुलै २०२४ ला खडकवासला धरणातून सोडलेलं पाणी तिथल्याच एकतानगरीत शिरलं, तेव्हा ते भाडेकरू कोण आणि मालक कोण हे विचारत बसलं नाही. मालकाच्या भिंती वाळल्या, रंग मारून झाला. भाडेकरूचं भिजलेलं ते गेलंच.

'भारत गृह रक्षा' या नावाची पॉलिसी माग. १ एप्रिल २०२१ पासून विमा नियामकाने ती एकाच मसुद्यात आणली, त्यामुळे मूळ अटी सगळ्या कंपन्यांच्या सारख्याच. एजंट घराचाही विमा गळ्यात मारायला बघेल; तू फक्त घरातल्या सामानाचा घे, भाडेकरूला तो मिळतो. आग, पूर, वादळ, भूकंप, दंगल, पाण्याची टाकी किंवा पाइप फुटणं हे सगळं त्यात येतं.

चोरीचं मात्र नीट वाच, बहुतेक जण इथेच फसतात. आग-पुरासारखी घटना घडली आणि त्यानंतर सात दिवसांच्या आत घरातून काही चोरीला गेलं, तरच मूळ पॉलिसी पैसे देते. तू दिवाळीला गावी गेलीस आणि मागे कुणी कडी-कोयंडा तोडला, तर त्यासाठी घरफोडीचं संरक्षण वेगळं घ्यावं लागतं. आईने दिलेल्या बांगड्या घरात ठेवणार असशील तर त्यांचाही वेगळा उल्लेख हवा. रोख रकमेला संरक्षण नाही. शॉर्टसर्किटने फ्रिजच जळला तर त्या फ्रिजचे पैसे मिळत नाहीत. त्यातून आग पसरून बाकीचं जळलं तर त्याचे मिळतात.

तुझ्या रूममेटचं सामान तुझ्या पॉलिसीत येत नाही, ती तुझ्या कुटुंबातली नाही. तिला तिचा काढायला सांग. बिचारीला वाईट वाटलं तर वाटू दे.

रक्कम ठरवताना प्रत्येक वस्तू आज नवी घ्यायला किती पडेल ते धर. इतकी वर्षं मी विम्याच्या सर्व्हेअरचं काम केलं. चिखलाने भरलेल्या खोलीत माणसं 'सगळं गेलं हो' म्हणतात, आणि 'काय काय होतं?' विचारलं की मिक्सरच्या पुढे आठवत नाही. म्हणून आजच मोबाइलवर खोलीचा व्हिडिओ काढ, कपाटाची दारं उघडून. लॅपटॉप-फ्रिजच्या मागच्या सीरियल नंबरचे फोटो घे, बिलांबरोबर ते सगळं स्वतःलाच मेल कर. नुकसान झालंच तर आधी फोटो, लगेच कंपनीला फोन, आणि सर्व्हेअर येईपर्यंत भिजलेली गादी भंगारवाल्याला द्यायची नाही. कंपनीने तक्रारीला दाद दिली नाही तर पुण्यातच विमा लोकपालांचं कार्यालय आहे, तिथे एक पैसा लागत नाही.

अकरा महिन्यांनी भाडेकरार संपून घर बदललंस तर नवा पत्ता कंपनीला कळवायचा. पॉलिसी पत्त्याला बांधलेली असते.

सही करण्याआधी मसुदा मला पाठव. बारीक अक्षरांतलं मी वाचतो, नवा चष्मा झालाय.

तुझा,
मामा