भिंत आधी, खोल्या मग

पोरांनो, तुम्हा दोघा भावांच्या जोडघराचा नकाशा पाहिला. हॉल कुठं, किचन कुठं, टीव्ही कुठल्या भिंतीला, सगळं ठरलंय. मधोमध मात्र नुसती एक काळी रेघ आहे, आणि ती भिंत कुणाची ते कुठंच लिहिलेलं नाही. जोडघरातलं भांडण त्या रेघेतूनच निघतं. तेव्हा आधी भिंत ठरवा, खोल्या मागून होतात.

जागा ३० फूट रुंद आणि ७० फूट खोल. ती पुढची-मागची अशी वाटू नका. मागच्याला बोळ ठेवावा लागतो, आणि तीन फुटांच्या बोळातून ना वरात जाते ना तिरडी. पुढच्याच्या दारातली प्रत्येक चप्पल, प्रत्येक सायकल मागच्याच्या डोळ्यांवर येते. उभीच वाटणी करा, दोघांचीही दारं रस्त्यावर येऊ द्या. प्रत्येकाला १५ फूट मिळतात. बाहेरची भिंत नऊ इंची आणि मधलीतली अर्धी वजा केली की आत पावणेचौदा उरतात. दहा फुटांची खोली आणि शेजारून जायला वाट, एवढं त्यात नीट बसतं. रुंदी २० च्या आत असती तर मीच म्हटलं असतं, एकानं खाली राहा, एकानं वर, आणि जिना मात्र बाहेरून काढा.

आपल्याकडे जुने वाडे खणांवर वाटले. चार खण थोरल्याला, चार धाकट्याला. कागदावर वाटणी चोख, पण वरची तुळई दोघांच्या डोक्यावरून सलग गेलेली. एकानं आपले खण पाडून स्लॅब टाकायला घेतला की दुसऱ्याचं माळवद वाकायला लागायचं. मग टेकू, मग पंच, मग तालुक्याची वारी. गावात अजून असे अर्धे वाडे उभे आहेत, एका अंगाला आरसीसी, दुसऱ्या अंगाला टेकू दिलेली तुळई. एकदा जाऊन नीट बघून या.

म्हणून माझं सरळ सांगणं आहे. दोघं एकाच वेळी बांधणार असाल तर मधली भिंत एक ठेवा. जोत्याचा पट्टा, दारा-खिडक्यांच्या डोक्यावरचा पट्टा आणि स्लॅब हे तिन्ही दोन्ही घरांतून सलग न्या. आणि एकाला पुढंमागं वरचा मजला चढवायचा असेल तर ते इंजिनिअरला आजच सांगा. अर्ध्याच घरावर मजला चढला की भूकंपात घर पिळवटतं, त्याचा हिशोब पायातच करावा लागतो. पण एक आत्ता बांधणार आणि दुसरा पोरीचं लग्न झाल्यावर, असं असेल तर भिंती दोन घाला. ज्याची त्याच्या जागेत, मधे इंजिनिअर सांगेल तेवढी फट, वरून पत्र्याची टोपी म्हणजे पावसाचं पाणी आत उतरणार नाही. भावाच्या भिंतीत भोक पाडून आपली बीम घुसवायची, हे या दोन्हींत कुठंच बसत नाही.

एवढं का ताणतोय? ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट तुम्ही पाहिली नाही. किल्लारी-सास्तूरकडचा भाग तोवर सरकारी नकाशात भूकंपाच्या सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. माणसं मेली ती घरांखाली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती, त्यांची आतली आणि बाहेरची तोंडं जोडणारा आडवा दगड नाही, आणि वर माळवदाच्या मातीचं ओझं. दरवर्षी गळतं म्हणून वर पांढरीची आणखी पाटी पडायची, ओझं वाढतच जायचं. भिंतीची दोन तोंडं फाकली आणि माळवद खाली आलं. माळवद उन्हाळ्यात गार असतं, ते मलाही आवडतं. पण त्याची हौस स्लॅबवर चुन्याचा हात मारून भागवा, माती चढवू नका.

आता पाया. आपलं तेर म्हणजे जुनं तगर. दोन हजार वर्षांपूर्वी ग्रीक दर्यावर्दीच्या टिपणात पैठणच्या पुढं दहा दिवसांच्या वाटेवर ज्याचं नाव आलं, ते हे गाव. लोकांनी त्याच जागी घरं बांधली, ती पडली, त्यांच्यावर पुन्हा बांधली. म्हणून पांढरीतली वरची जमीन ही जमीनच नव्हे, तो भराव. राख, खापरं, विटांचे तुकडे. काळ्या रानात माती फुगते म्हणून भीती, इथं ती दबते म्हणून भीती. शेजाऱ्यानं पाच फूट खोदलं म्हणून आपणही पाच, असं करू नका. घट्ट थर लागेपर्यंत खाली जा.

त्यात पेव. वाड्याच्या अंगणात, ढाळजेपाशी, कधी माजघराखालीही ज्वारीची पेवं असायची. तोंड माणूस उतरेल एवढंच, खाली पोट मात्र मोठं. तोंडावर फरशी, फरशीवर माती, आणि दोन पिढ्यांनंतर कुणाच्या लक्षातही राहत नाही. चुना टाकायच्या आधी सबंध जागेवर हाता-हाताच्या अंतरानं पहार मारत जा. भरीव जमिनीत पहार ठक्क करते, पेवावर आवाज पोकळ येतो. सापडलं तर तोंड उघडून दिवसभर तसंच राहू द्या, लगेच कुणाला आत उतरवू नका, आतली हवा जीव घेते. मग आतला गाळ काढा आणि अर्ध्या-अर्ध्या फुटाचे मुरमाचे थर देत, पाणी मारत, धुम्मस करत वरपर्यंत या. वरून ट्रॉलीभर माती लोटून बुजवलं की दोन पावसाळ्यांत कॉलम बसलाच म्हणून समजा.

खोदताना मणी, नाणं, मातीची मूर्ती निघाली तर खिशात घालू नका. १८७८ चा कायदा आहे, दहा रुपयांच्या वरचं काही जमिनीत सापडलं की कलेक्टरला कळवावं लागतं. आपल्या गावचं लामतुरे संग्रहालय अशाच सापडलेल्या वस्तूंतून उभं राहिलंय. आणि जागा एखाद्या जुन्या देवळाजवळ किंवा टेकाडाजवळ असेल तर पुरातत्त्व खात्यात आधी विचारा. केंद्राच्या संरक्षित स्मारकापासून १०० मीटरांत नवं बांधकाम होत नाही, पुढच्या २०० मीटरांत परवानगी लागते.

विटा घेताना गोरोबाकाकांची आठवण ठेवा. थापटणं घेऊन त्यांनी संतांची डोकी तपासली, तुम्ही निदान विटा तरी तपासा. दोन विटा एकमेकींवर आपटा. खणखणीत वाजल्या तर घ्या, बद्द वाजल्या तर ट्रॅक्टर परत पाठवा.

आता उजेडाचं. एका बाजूला भाऊ, दुसऱ्या बाजूला शेजारी. ७० फूट खोल जागेतल्या घराला खिडकी फक्त पुढं आणि मागं राहते, मधल्या खोल्यांत भरदुपारी दिवा लागतो. म्हणून दोघंही मधे चौक सोडा आणि दोन्ही चौक एकमेकांना भिडवा. तेवढ्यापुरती मधली भिंत डोक्यापेक्षा थोडी वर नेऊन थांबवा. सात-सात फुटांचे दोन चौक वरून एक होतात आणि दोघांनाही दुप्पट आभाळ मिळतं. स्वयंपाकघर, न्हाणी, संडास चौकाला लावा. जिना आणि कपाटं मधल्या भिंतीला लावा, म्हणजे इकडच्या मिक्सरचा आवाज तिकडच्या झोपेत जाणार नाही. त्या भिंतीत नळाचा पाइप मात्र घालू नका. ओल कुणाची हे कुठल्याच पंचाला ठरवता येत नाही.

गच्चीचा उतार ज्यानं त्यानं आपल्या चौकाकडे ठेवावा आणि पाणी खालच्या हौदात सोडावं. आपल्याकडे पाऊस सातशे मिलिमीटरच्या आसपास. सहाशे चौरस फूट गच्चीवर एवढा पाऊस नीट झाला तर थोडं वाया जाऊनही तीसेक हजार लिटर हाती लागतं. टँकरची वाट पाहणाऱ्या जिल्ह्यात हे सोडायचं नसतं. स्लॅब मात्र माघापर्यंत पडू द्या. चैत्रात ऊन आणि गावची यात्रा दोन्ही येतात, मग क्युरिंगला ना पाणी मिळतं ना माणूस.

कागदाचं थोडक्यात. वाटणीपत्र नोंदणीकृतच करा. त्यात मधल्या भिंतीची मध्यरेघ ही हद्द, दोघांनाही त्या भिंतीवर बीम टेकवायचा हक्क, दुरुस्ती निम्मी-निम्मी आणि दुसऱ्याला विचारल्याशिवाय तोडफोड नाही, हे सगळं शब्दांत येऊ द्या. ग्रामपंचायतीत नमुना आठवर दोन नावं वेगळी लावा. ड्रोन मोजणीची मिळकत पत्रिका निघाली असेल तर तिच्यावरचं क्षेत्र टेपनं ताडून बघा. आणि तुमच्या बहिणीला, अक्काला, आधी विचारा. वडिलोपार्जित जागेत मुलीचा हक्क महाराष्ट्रानं १९९४ मध्येच मान्य केलाय, २००५ पासून तो देशभर आहे. तिला हवा असेल तर तिचा वाटा द्या, नको असेल तर ते तिच्या तोंडून येऊ द्या. भाऊबीजेच्या ताटात हक्कसोडपत्र ठेवणारे भाऊ मी पाहिलेत, तुम्ही त्यांच्यातले होऊ नका.

सेप्टिक टाकी परसात दाखवलीय ती पुढं रस्त्याकडे घ्या. मागं ठेवलीत तर उपसणाऱ्या गाडीचा पाइप तुमच्या हॉलमधून, देवघरापुढून न्यावा लागेल. बोअर परसात ठेवा, म्हणजे टाकीपासून लांब राहील. बोअर एकच चालेल, पण लाइटचे मीटर दोन घ्या आणि मोटारीचं बिल कोण भरणार ते पाणी लागायच्या आधीच बोलून टाका. नकाशा सुधारून आणा, मग बघू.