कचेरींत द्यावयाचा अर्ज

अर्ज जितका लांब व विनवणीचा, तितकी साहेबांची कृपा अधिक, अशी पुष्कळ शेतकरी बंधूंची समजूत असते. महसूल खात्याच्या नोकरींत शेंकडों अर्ज आमच्या हातांखालून गेले. त्यांवरून ही समजूत फोल आहे असें आम्ही म्हणतों. कारकून प्रथम गट नंबर शोधतो, आणि बहुधा तोच नसतो!

वारसाचा अर्ज घेऊं. एका अर्जांत दोन पानें पूर्वजांची हकीकत होती. खातेदार कोणत्या तारखेस वारला हें मात्र कोठेंच नव्हतें. शिवाय विधवेचें व लेकींचें नांव गाळलेलें. १९५६ च्या हिंदु उत्तराधिकार अधिनियमान्वयें त्याही वारसच. लेकींनीं हरकत घेतली, आणि ऐन पेरणींत कर्ज अडलें. गांव, गट नंबर, मृताचें नांव व मृत्यूची तारीख, सर्व वारसांचीं नांवें व नातीं, आणि मागणी एका वाक्यांत, एवढें पुरे. मृत्यूचा दाखला जोडावा.

१९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १४९ प्रमाणें वारसा, वाटणी इत्यादींनीं मिळालेल्या हक्काची वर्दी ३ महिन्यांच्या आंत तलाठ्यास द्यावयाची असते. ती तोंडी चालते. पण तलाठ्यानें तिची लेखी पोंच लागलींच दिली पाहिजे. ही पोंच मागण्यास आपले लोक कां लाजतात, कळत नाहीं. तलाठ्याची बदली झाली म्हणजे तोंडी सांगितलेलें कोण सिद्ध करणार?

पुढें फेरफाराची नोटीस येते. ती पुरती वाचल्याखेरीज सही करूं नये. हरकत असल्यास मुदतींत, लेखीच द्यावी, व तिचीही पोंच घ्यावी.