अर्ध्यावर थांबलेली धाव



सोलापुराहून अक्कलकोटास जाणाऱ्या रस्त्यावर कुंभारी हे गाव आहे. तेथे विडी वळणाऱ्या स्त्रियांची मोठी वसाहत आहे, हे आमच्या पुष्कळ वाचकांस ठाऊकच आहे. पहाटे, अजून पुरते उजाडलेही नसते, तोच त्या बाजूच्या रस्त्यांच्या कडेने तरुण मुलेमुली धावताना दिसतात. पोलीस भरतीच्या परीक्षेत मुलांस १६०० मीटर व मुलींस ८०० मीटर धावावे लागते, आणि एका धावेवर अनेक घरांची आशा टांगलेली असते.

ह्या मुलांत एक जण नेहमी सर्वांच्या पुढे असे. गेल्या हिवाळ्यात कबड्डी खेळताना त्याचा गुडघा मुरगळला. घरच्यांनी तेल चोळले, फडके बांधले, आणि आठ दिवसांनी तो पुन्हा रस्त्यावर आला. तो लंगडत धावत होता, हे आम्ही आमच्या डोळ्यांनी पाहिले. आणि त्यास थांबविण्याऐवजी आम्ही त्याच्या जिद्दीची वाखाणणी केली. पंधरा दिवसांच्या आत एका वळणावर त्याचा पाय दगा देऊन गेला व तो कोसळला. त्या वर्षीची भरती त्यास मुकली. आमच्या त्या शाबासकीची आम्हांस आता लाज वाटते. म्हणून हा पाठ आम्ही प्रथम आमच्यासाठी व मग तुमच्यासाठी लिहीत आहो.

ज्यांची धाव अर्ध्यावर थांबली अशा खेळाडूंविषयी बोलताना लोक "दैव आडवे आले" असे म्हणून मोकळे होतात. ते कितपत खरे आहे, हे आज आपण पाहू.

१. गोळेश्वरचे खाशाबा

खाशाबा दादासाहेब जाधव ह्यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी सातारा जिल्ह्यात कराडजवळील गोळेश्वर ह्या खेड्यात झाला. घरात कुस्तीची परंपरा होती. देह आडदांड नव्हता, परंतु चपळाई व डावपेच असे होते की मोठमोठे मल्ल त्यांच्यापुढे थकून जात. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकास ते गेले, तेव्हा कोल्हापूरच्या महाराजांनी खर्चाचा भार उचलला. तांबड्या मातीत वाढलेल्या ह्या मल्लास तेथे गादीवर लढावे लागले, आणि तरीही त्यांनी आपल्या वजनगटात सहावे स्थान मिळविले.

पुढील ऑलिंपिक १९५२ साली फिनलंड देशात हेलसिंकी येथे भरले. जाण्याची पात्रता होती, पण पैसा नव्हता. खाशाबांनी लोकांकडे हात पसरले; ज्यास जे शक्य होते ते त्याने दिले. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर ह्यांनी तर आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. एका शिक्षकाने शिष्यासाठी छप्पर गहाण ठेवावे, ह्याहून मोठा पाठ कोणत्या पुस्तकात सापडेल?

हेलसिंकीत खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको व जर्मनी ह्या देशांच्या मल्लांस हरविले. पुढे जपानचे इशी ह्यांच्याशी त्यांची दीर्घ व चुरशीची कुस्ती झाली व तीत ते हरले. ती संपते न संपते तोच त्यांस सोव्हिएत मल्लाशी लढण्यास बोलाविण्यात आले. दोन कुस्त्यांमध्ये अर्धा तास विश्रांती मिळावी असा नियम होता. परंतु तो नियम पुढे करून भांडण्यास त्या वेळी आपल्या देशाचा एकही अधिकारी तेथे हजर नव्हता, असे सांगतात. थकलेले खाशाबा ती कुस्ती हरले व कांस्यपदकावर समाधान मानावे लागले. इशी ह्यांस सुवर्णपदक मिळाले.

स्वतंत्र भारताच्या खेळाडूने एकट्याच्या बळावर मिळविलेले ते पहिले ऑलिंपिक पदक होय. तसे दुसरे पदक येण्यास चव्वेचाळीस वर्षे लागली. ते १९९६ साली टेनिसपटू लिएंडर पेस ह्यांनी आणिले. गावी परत आल्यावर १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. परंतु मिरवणुकीहून आम्हांस पुढील गोष्ट थोर वाटते. खाशाबांनी कुस्त्यांचे सामने भरवून पैसा जमविला आणि प्राचार्यांचे गहाण पडलेले घर सोडवून दिले.

आता १९५६ सालचे मेलबर्नचे ऑलिंपिक समोर होते. खाशाबा १९५५ साली पोलीस खात्यात फौजदार झाले होते. वय तिशीत आले होते, आणि अनुभव पदरी होता. पण सराव करीत असता गुडघ्यास जबर दुखापत झाली व मेलबर्नची वाट बंद झाली. सोन्याची आशा तेथेच संपली. त्यांनी पोलीस खात्यात सत्तावीस वर्षे चाकरी केली व १९८४ साली रस्त्यावरील अपघातात त्यांचा अंत झाला. अर्जुन पुरस्कार त्यांस मरणोत्तर मिळाला, आणि दिल्लीतील कुस्तीच्या क्रीडागृहास त्यांचे नाव २०१० साली देण्यात आले. ज्याच्या कानी ते शब्द पडावयास हवे होते, तो मात्र ते ऐकावयास उरला नव्हता.

वाचकहो, ह्या एका चरित्रात दैव किती व माणसे किती, ह्याचा हिशेब करा. गुडघ्याची दुखापत दैवाच्या खाती घाला. परंतु प्रवासाच्या पैशाची विवंचना, मैदानाच्या कडेला आपला कैवारी नसणे, आणि गौरवास झालेला उशीर, ही तिन्ही माणसांच्या खाती पडतात. आणि जे पदक आले तेही माणसांमुळेच आले. एक शिक्षक व एक गाव पाठीशी उभे राहिले नसते, तर मल्लाची सारी ताकद कराडच्या पलीकडे गेली नसती.

२. गुडघ्याविषयी थोडेसे

गुडघ्याच्या आत मांडीचे हाड व नडगीचे हाड ह्यांस बांधून ठेवणारे बळकट बंध असतात. एकाएकी वळताना, उडी मारून खाली येताना किंवा पाय रोवलेला असता शरीर फिरताना त्यांतील पुढचा बंध तुटू शकतो. तुटताना पुष्कळदा "कट्" असा आवाज होतो व थोड्याच तासांत गुडघा सुजतो. काही दिवसांनी सूज उतरते, मनुष्य चालू लागतो, आणि येथेच फसगत होते. सरळ चालताना पाय ठीक वाटतो. वळताना तो निसटतो. असा पाय घेऊन खेळत राहिल्यास हाडांमधील कूर्चेची गादीही फाटते, व एका दुखण्याची दोन होतात. ह्या बंधाची दुखापत सारख्याच खेळात मुलांपेक्षा मुलींस अधिक होते, हेही ध्यानात ठेवावे.

म्हणून खेळात गुडघा मुरगळून सुजला तर खेळ तत्काळ थांबवावा. फडक्यात गुंडाळलेला बर्फ अथवा गार पाण्याची पट्टी ठेवावी, पाय उशीवर उंच ठेवावा, आणि पहिल्या दोन-तीन दिवसांत चोळणे, शेकणे व ओढून "बसविणे" हे मुळीच करू नये. मग अस्थितज्ज्ञास दाखवावे. कुंभारीच्या लोकांस ह्यासाठी दूर जावयास नको. वैद्यकीय महाविद्यालयाचे मोठे रुग्णालय गावच्या हद्दीतच आहे. खाशाबांच्या काळी जे उपचार नव्हते ते आज आहेत. दुर्बिणीने छोट्या छिद्रांतून हा बंध नवा करिता येतो. मात्र त्यानंतर मैदानावर परतण्यास सुमारे नऊ महिने किंवा अधिक काळ व्यायामात घालवावा लागतो. जो नऊ महिने धीर धरीत नाही, त्याची अनेक वर्षे बुडतात.

३. उन्हात पडलेला सुतार

दुसरे उदाहरण परदेशचे आहे, पण सोलापूरच्या उन्हास ते अगदी लागू पडते. पोर्तुगाल देशात फ्रान्सिस्को लाझारो नावाचा सुतारकाम करणारा तरुण होता. दूरच्या पल्ल्याच्या धावेत त्याच्या देशात त्याची बरोबरी करणारा कोणी नव्हता. १९१२ साली स्वीडनमधील स्टॉकहोम येथे तो मॅरेथॉन धावला. दिवस उन्हाचा होता. कातडी भाजू नये म्हणून त्याने अंगास चरबीचा लेप फासला होता, असे सांगतात. त्या लेपाने घाम बाहेर पडण्याच्या वाटा बुजल्या. सुमारे तीस किलोमीटरांवर तो कोसळला व दुसऱ्या दिवशी मरण पावला. ऑलिंपिकच्या मैदानी शर्यतीत प्राण गमावणारा तो पहिला.

त्याच्या अंगी बळ कमी नव्हते. ज्ञान कमी पडले. शरीर तापले म्हणजे घाम येतो, घाम सुकताना अंगातील उष्णता घेऊन जातो, व त्याने जीव वाचतो. हे ज्यास कळले तो वैशाखात दुपारी कोणास धावावयास लावणार नाही, वजन घटविण्यासाठी अंगावर जाड कपडे घालून पळविणार नाही, व "धावताना पाणी पिऊ नये" हा खोटा नियम सांगणार नाही. धावणारा अडखळू लागला, असंबद्ध बोलू लागला, तर त्यास सावलीत निजवून सर्वांगावर गार पाणी ओतावे, वारा घालावा व त्वरित रुग्णालयात न्यावे. अशा वेळी घटकाभराचा विलंबही घातक ठरतो.

४. मुष्टियोद्ध्याचा पोहणारा झाला

परंतु असेही प्रसंग येतात की ज्यांत ना खेळाडूचा दोष, ना शेजाऱ्याचा. मुरलीकांत पेटकर हे सांगली जिल्ह्यातील पेठ-इस्लामपूरचे. सेनादलात ते मुष्टियुद्धात नावारूपास येत होते. १९६५ च्या युद्धात त्यांस अनेक गोळ्या लागल्या. एक पाठीच्या कण्यात अडकली व कमरेखालील शरीर लुळे पडले. मुष्टियोद्धा म्हणून जे व्हावयाचे होते ते तेथेच संपले. पुढे उपचाराचा भाग म्हणून त्यांस पाण्यात उतरविण्यात आले, आणि त्या पाण्यानेच त्यांस नवी वाट दाखविली. १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्ग येथे अपंगांच्या ऑलिंपिकमध्ये ५० मीटर पोहण्याच्या शर्यतीत ३७.३३ सेकंदांचा जागतिक विक्रम करून त्यांनी सुवर्णपदक जिंकिले. देशाने पद्मश्री दिली ती मात्र २०१८ साली, शेहेचाळीस वर्षांनी.

ह्यावरून "इच्छा असली की सर्व काही होते" असा सोपा उपदेश आम्ही करणार नाही. प्रत्येक जखमी मुलास दुसरे सुवर्णपदक मिळत नाही. परंतु एक वाट बंद झाली म्हणजे मनुष्य निकामी झाला, असे मानण्याचा अधिकार कोणासही नाही. त्याच्या आईबापांस नाही, आणि गावास तर मुळीच नाही.

५. आजीने सांगितले म्हणून

शेवटची गोष्ट आपल्या शेजारच्या, त्या वेळच्या उस्मानाबाद म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातील आहे. सारिका काळे ह्या खो-खो खेळणाऱ्या मुलीच्या घरी गरिबी अशी, की अनेक वर्षे दिवसास एकच वेळचे जेवण मिळे, असे त्यांनी स्वतःच सांगितले आहे. २०१६ साली त्या इतक्या खचल्या की त्यांनी खेळ सोडण्याचा निश्चय केला. खोलीत एकट्या रडत बसलेल्या नातीची ही अवस्था आजीने प्रशिक्षक चंद्रजित जाधव ह्यांस कळविली. त्यांनी समजूत घातली, व सारिका मैदानावर परतल्या. त्याच वर्षी दक्षिण आशियाई स्पर्धेत भारताच्या महिला खो-खो संघाने सुवर्णपदक मिळविले. सारिका त्या संघाच्या कर्णधार होत्या. २०२० साली त्यांस अर्जुन पुरस्कार मिळाला.

ह्या गोष्टीत कोणी घर गहाण ठेविले नाही. एका वृद्ध स्त्रीने योग्य माणसास योग्य वेळी चार शब्द सांगितले, इतकेच. आमच्या खेड्यांत किती मुलींची धाव अशी मुकाट्याने थांबत असेल! कोणाची विड्यांचा हिशेब पुरा करण्यासाठी, कोणाची धाकट्या भावंडांस सांभाळण्यासाठी, तर कोणाची अठरा वर्षे पुरी होण्याआधीच लग्न ठरल्याने. त्यांची नोंद कोणत्याही पुस्तकात होत नाही, कारण त्यांचे नाव व्हावयाच्या आधीच त्या थांबलेल्या असतात.

सारांश

आरंभी आपण दैवाचा प्रश्न घेतला होता. युद्धातील गोळी आपण अडवू शकत नाही. पण सुजलेला गुडघा, भर दुपारची धाव, प्रवासखर्चाची विवंचना, आणि खोलीत रडत बसलेली मुलगी, ही आपल्या डोळ्यांसमोर असतात. ती पाहूनही आपण गप्प राहिलो, किंवा आमच्याप्रमाणे चुकीच्या वेळी शाबासकी दिली, तर पुढे दैवास दोष देण्यात अर्थ नाही.

तो मुलगा आता रुग्णालयाने नेमून दिलेला व्यायाम करितो. पहाटे तो रस्त्याच्या कडेस बसून धाकट्यांची वेळ मोजतो. पुन्हा धावण्याची परवानगी त्यास अजून मिळालेली नाही. मात्र परवा एक मुलगी घोटा धरून थांबली, तेव्हा "चल, अजून एक फेरी" असे म्हणणाऱ्या सोबत्यांस त्यानेच अडविले.

चर्चेसाठी प्रश्न

१. खाशाबा जाधव ह्यांच्या यशात गावाचा व शिक्षकाचा वाटा कोणता? त्यांच्या अपयशात माणसांचा वाटा कोणता?

२. गुडघा मुरगळल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत काय करावे व काय करू नये?

३. उन्हात धावणाऱ्यास त्रास होऊ लागल्याची चिन्हे सांगा. प्रथम काय कराल?

४. पेटकर ह्यांच्या गोष्टीवरून जखमी मुलाशी कसे वागावे हे कळते?

५. तुमच्या गावात खेळ सोडलेला मुलगा अथवा मुलगी कोण आहे? तिने तो का सोडला, हे कोणी तिला विचारिले आहे काय? ह्या प्रश्नाचे उत्तर सभेत देऊ नये; त्या घरी जाऊन द्यावे.